आधी बांध, मग मानस: वेब ॲपचे मॉड्यूल कसे पाडावेत आणि कोणता पॅटर्न कधी घ्यावा

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तीन आठवडे होते आणि गोव्यातल्या मांद्र्याहून फोन आला. तिथल्या एका कुटुंबाच्या तीन होमस्टेंचं बुकिंग आम्ही बनवलेल्या ॲपवर चालतं. काकी म्हणाल्या, "अगे बाय, चवथीला वरच्या दोन खोल्या घरच्यांसाठी ठेवायच्या असतात. मुंबई-पुण्याचे सगळे येतात. हे तुझ्या कॉम्प्युटरला सांगितलंस मगो?"

सांगितलं नव्हतं. नियम तर अगदी साधा: ठरावीक तारखांना ठरावीक खोल्या बंद. पण तो घालायला मला सात फायली उघडाव्या लागल्या. शोधाचं पान, कॅलेंडर, बुकिंगचा फॉर्म, सर्व्हरवरची तपासणी, मालकांचं पान, दराचा हिशेब आणि रात्री निघणारा रिपोर्ट. त्यांपैकी एक सुटली. खोली कॅलेंडरवर बंद दिसायची आणि जुन्या लिंकवरून फॉर्म उघडला की बुक व्हायची.

त्या पावसाळ्यात मी आणि माझ्या सहकाऱ्यानं फोंड्यात बसून ते सगळं कोड नव्यानं मांडलं. ते करताना जे उपयोगी पडलं तेच इथे क्रमानं लिहिते. आमचं काम जावास्क्रिप्टमध्ये आहे, सर्व्हरला नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, आणि समोर ब्राउझर. लारावेल किंवा जँगो अशा दुसऱ्या भाषांतल्या फ्रेमवर्कवर (ॲपच्या तयार सांगाड्यावर) काम करणाऱ्यांनाही हेच प्रश्न पडतात, उत्तरांची नावं तेवढी बदलतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पॅटर्न म्हणजे कोडमधल्या नेहमीच्या अडचणींवरची, नाव दिलेली ठरीव उत्तरं. त्या नावांपासून सुरुवात करू नका. "इथे ऑब्झर्व्हर लावू की मीडिएटर?" हा प्रश्न बराच नंतरचा. आधी विचारायचं ते हे: या कोडमध्ये उद्या काय बदलणार आहे, आणि ते बदललं तर किती जणांना कळावं लागेल?

पायरी पहिली: बदलांची यादी

१९७२ साली डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञांनी एकच प्रोग्राम दोन तऱ्हांनी विभागून दाखवला. पहिल्या तऱ्हेत कामाच्या टप्प्यांप्रमाणे तुकडे: वाचा, फिरवा, क्रम लावा, छापा. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक असा निर्णय लपवलेला, जो पुढे बदलू शकतो. चालायला दोन्ही प्रोग्राम चालतात. पण माहिती साठवण्याची पद्धत बदलली की पहिल्यात जवळजवळ सगळे तुकडे हलतात, दुसऱ्यात एखादाच. पन्नास वर्षं उलटली तरी मॉड्यूल, म्हणजे कोडचे असे स्वतंत्र तुकडे, पाडण्याची याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

तर एक वही घ्या आणि गेल्या दोन वर्षांत ग्राहकानं, सरकारनं किंवा बाहेरच्या सेवेनं काय काय बदलायला लावलं ते लिहा. आमच्या वहीत सगळ्यात वर जीएसटी होता. दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली सूट १८ जुलै २०२२ पासून गेली आणि त्यांना १२ टक्के कर लागला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आमच्या कोडमध्ये '१२' हा आकडा चार ठिकाणी लिहिलेला होता. त्यातला एक तर पावतीच्या छपाईत. त्याखाली हंगामाचे दर, डिसेंबरचे वेगळे आणि पावसाळ्याचे वेगळे. मग पेमेंटची सेवा, मोबाइलवर जाणारे संदेश, परदेशी पाहुण्यांची सरकारला २४ तासांच्या आत कळवायची माहिती. आणि काकींची चवथ.

वहीसोबत गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, इतिहासही पाहा. गेल्या सहा महिन्यांच्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलांमध्ये, कोणत्या फायली पुन्हा पुन्हा एकत्र बदलल्या आहेत? एकत्र बदलणाऱ्या फायली लांब लांबच्या फोल्डरांत पडल्या असतील, तर त्या खरं म्हणजे एकाच मॉड्यूलच्या आहेत आणि तुम्ही त्यांची ताटातूट केली आहे. या कामाला अर्धा दिवस लागतो आणि तो वाया जात नाही.

पायरी दुसरी: बांध घाला, मानस एकच ठेवा

तिसवाडीत खाजन शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मॉड्यूल समजावून सांगावं लागत नाही. मांडवी-जुवारीच्या काठची सखल जमीन, भोवती मातीचा बांध, आणि त्या बांधात पाण्याचा दरवाजा, म्हणजे मानस. भरती आली की पाण्याच्या दाबानं दरवाजा आपोआप मिटतो, ओहोटीला उघडतो आणि शेतातलं पाणी नदीत जातं. आत भात कुठे लावायचा, चर कसे काढायचे याच्याशी नदीला देणंघेणं नाही. नदी आणि शेत यांचा व्यवहार मानसेतूनच. बांधाला दुसरीकडे भगदाड पडलं की खारं पाणी आत शिरतं, मग मानस कितीही भक्कम असो.

मॉड्यूलचं भगदाड म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तुमच्या पोटातली फाईल थेट आयात करणं, म्हणजे आपल्या कोडमध्ये ओढून वापरणं.

जावास्क्रिप्टला १९९५ ते २०१५ अशी वीस वर्षं स्वतःचा बांध नव्हता. म्हणून लोकांनी क्लोजर, म्हणजे फंक्शननं आतली चलं (नाव दिलेल्या किमती) स्वतःपाशी धरून ठेवण्याची सोय, वापरून तो उभा केला: एक फंक्शन लिहायचं, ते तिथल्या तिथे चालवायचं, आतली चलं आतच राहतात आणि बाहेर एक ऑब्जेक्ट येतं. हाच जुना 'मॉड्यूल पॅटर्न'. २००९ मध्ये नोड आलं आणि सर्व्हरवर कॉमनजेएस ही मॉड्यूल आयात करण्याची पद्धत रुळली. भाषेच्या २०१५ च्या प्रमाणित आवृत्तीत तिचे स्वतःचे मॉड्यूल आले, आणि २०१७-१८ पर्यंत ते मोठ्या ब्राउझरांत थेट चालू लागले. म्हणून आज नवीन कोडमध्ये जुना मॉड्यूल पॅटर्न वापरायचं कारण उरलेलं नाही. तो वाचता यावा, कारण जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरच्या साइट अजून दुरुस्तीला येतात.

प्रत्यक्षात करायचं ते असं. प्रत्येक मॉड्यूलला एक फोल्डर द्या आणि त्या फोल्डरात 'इंडेक्स' नावाची एक फाईल ठेवा. बाहेरच्यांनी फक्त तीच आयात करायची. आमच्या 'उपलब्धता' मॉड्यूलच्या इंडेक्समधून तीनच फंक्शनं बाहेर येतात: खोली मोकळी आहे का, खोली धरा, खोली सोडा. चवथीचा नियम, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली खोली, दोन बुकिंगांच्या मधला सफाईचा वेळ, हे सगळं आत. कॅलेंडर, फॉर्म आणि रिपोर्ट तिघेही त्याच तीन दारांवर येतात.

इंडेक्समधून किती गोष्टी बाहेर जातात ते मोजा. आठ-दहाच्या वर गेल्या तर थांबून पाहा. बहुधा दोन मॉड्यूल एका फोल्डरात कोंबलेले असतात, किंवा आतला निर्णय बाहेर गळत असतो. बाहेर काय देता तेही बघा. डेटाबेसची ओळ जशीच्या तशी परत दिलीत, तर टेबलातल्या रकान्याचं नाव बदलताच बांध फुटतो.

पायरी तिसरी: फोल्डर कामाप्रमाणे, थराप्रमाणे नको

मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे माहिती, पान आणि त्या दोघांना जोडणारा भाग, ही विभागणी संगणकशास्त्रज्ञ ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात मांडली. ती चांगली आहे आणि आजही लागते. पण तिची जागा एका मॉड्यूलच्या पोटात आहे. संपूर्ण ॲपचेच तीन फोल्डर केले, एकात सगळे कंट्रोलर, एकात सगळी मॉडेलं, एकात सगळी पानं, तर चवथीचा एक नियम तिन्ही फोल्डरांतून फिरतो. आमचं नेमकं हेच झालं होतं.

आता आमचे वरचे फोल्डर आहेत उपलब्धता, दर, आरक्षण, पाहुणे, पावती आणि संदेश. नावं वाचून काकींनाही कळावं की हा होमस्टेचा धंदा आहे. प्रत्येकाच्या आत लागेल तेवढेच थर. 'दर'मध्ये पान नाही, कंट्रोलर नाही, नुसती फंक्शनं आहेत. जिथे गरज नाही तिथे सारखेपणासाठी रिकामे थर करू नका.

पायरी चौथी: मॉड्यूलच्या पोटात स्थिती कुठे ठेवायची

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण आमची सगळ्यात वाईट चूक इथली आहे.

जावास्क्रिप्टमध्ये मॉड्यूल एकदाच चालतो. दहा फायलींनी आयात केला तरी दहाही जणांना तोच मिळतो. म्हणजे मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर लिहिलेलं प्रत्येक चल हे आपसूक सिंगलटन, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच प्रत, असतं. सिंगलटनसाठी वेगळा क्लास लिहायची गरज तिथे नसते.

ब्राउझरमध्ये हे बऱ्याचदा चालून जातं, कारण एका टॅबमध्ये एकच माणूस असतो. सर्व्हरवर ती एकच प्रत सगळ्या पाहुण्यांची असते. आम्ही 'दर' मॉड्यूलमध्ये चालू पाहुण्याची सवलत वरच्या एका चलात ठेवली होती. चाचणीत सगळं ठीक, कारण चाचणी करणारी मी एकटी. डिसेंबरात एकाच वेळी दोघे बुक करायला लागले आणि एकाची नेहमीच्या गिऱ्हाइकाची सवलत दुसऱ्याच्या हिशेबात गेली. पैशांचा फरक थोडा होता, पण एकाची माहिती दुसऱ्याला लागते ही गोष्ट लहान नाही. तो फरक आम्ही दुसऱ्याच दिवशी भरून दिला.

तेव्हापासून आमचा नियम असा. सर्व्हरवर मॉड्यूलच्या वरच्या पातळीला फक्त न बदलणाऱ्या गोष्टी आणि खरोखर सामायिक साधनं, उदाहरणार्थ डेटाबेसच्या जोडण्यांचा साठा. एखाद्या विनंतीची किंवा माणसाची माहिती असेल ती फंक्शनला हातात द्यायची. हातात देण्याजोग्या गोष्टी बऱ्याच झाल्या तर फॅक्टरी वापरा: डेटाबेस, घड्याळ, नोंदवही अशी साधनं घेऊन मॉड्यूलची तयार फंक्शनं परत देणारं एक फंक्शन. याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. नाव भारदस्त आहे, गोष्ट इतकीच. आमच्याएवढ्या ॲपला त्यासाठी वेगळं फ्रेमवर्क लागत नाही.

साधनांत घड्याळ मुद्दाम घातलं आहे. आजची तारीख मॉड्यूलनं स्वतः काढली तर चवथीचा नियम तपासायला चवथीची वाट पाहावी लागते. तारीख बाहेरून द्या, चाचणी लगेच होते.

आणि एक गोष्ट कोणताच पॅटर्न सोडवत नाही: दोघांनी एकाच क्षणी एकच खोली धरणं. "मोकळी आहे का" विचारणं आणि "धरा" म्हणणं यांच्या मधल्या फटीत दुसरा शिरतो. ते डेटाबेसनंच अडवलं पाहिजे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तारखांच्या रेंजवर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट हे बंधन लावता येतं. एकाच खोलीच्या दोन रेंज एकमेकींवर आल्या की दुसरी नोंद नाकारली जाते. ते लावा आणि त्या नकाराचं भाषांतर 'उपलब्धता' मॉड्यूलमध्येच करा, म्हणजे बाहेर फक्त "खोली गेली" एवढंच कळेल.

पायरी पाचवी: मॉड्यूल एकमेकांशी बोलणार कसे

आता पॅटर्नच्या नावांची वेळ. तीन पर्याय आहेत, आणि आम्ही ते या क्रमानं तपासतो.

पहिला, सरळ हाक. आरक्षणाला दर हवा, त्यानं 'दर'च्या इंडेक्समधलं फंक्शन बोलवावं. उत्तर लगेच मिळतं, चूक झाली तर तिथेच कळते, एडिटरमध्ये क्लिक केलं की नेमक्या जागी जाता येतं. दहातल्या सात-आठ ठिकाणी हेच पुरतं. "घट्ट जोडणी होते" या भीतीनं याला टाळू नका. आरक्षणाला दराची गरज आहे ही धंद्यातलीच जोडणी आहे, ती कोडमध्ये दिसलेली बरी.

दुसरा, दवंडी. म्हणजे ऑब्झर्व्हर, किंवा त्याचं सैल रूप पब्लिश-सबस्क्राइब. आरक्षण म्हणतं, "बुकिंग पक्कं झालं." कोण ऐकतं याची त्याला पर्वा नाही. संदेश मॉड्यूल पाहुण्याला निरोप धाडतो, रिपोर्ट आकडा वाढवतो. उद्या नवा ऐकणारा आला तरी आरक्षणाची फाईल उघडावी लागत नाही. हे आकर्षक दिसतं, म्हणून जिथे तिथे लावलं जातं. माझी कसोटी एकच: ऐकणारा चुकला तर दवंडी देणाऱ्यानं थांबायला हवं का? हवं असेल, तर दवंडी लावू नका. निरोप गेला नाही म्हणून बुकिंग रद्द होत नाही, तिथे दवंडी ठीक. खोली धरता आली नाही तर बुकिंग झालंच नाही, तिथे सरळ हाक.

नोड वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. इव्हेंटएमिटर, म्हणजे नोडमधलं दवंडी देण्याचं साधन, ऐकणाऱ्यांना तिथल्या तिथे, नोंदणीच्या क्रमानं बोलवतो. त्यामुळे एक ऐकणारा रेंगाळला तर पाहुण्याचं पानही रेंगाळतं. आणि ऐकणारं फंक्शन असिंक, म्हणजे काम मागाहून पूर्ण करणारं, असेल तर एमिटर त्याच्यासाठी थांबत नाही, त्यात उडालेली चूक कुणी पकडली नाही तर ती मोकळी सुटते. २०२० च्या नोड १५ पासून अशी न पकडलेली चूक अख्खी प्रक्रिया बंद पाडते. आमच्याकडे संदेशाची सेवा दहा मिनिटं बंद पडली आणि तेवढ्यानं बुकिंगचा सर्व्हर बसला. आता प्रत्येक ऐकणाऱ्याच्या आत चूक तिथेच पकडणारा स्वतःचा ट्राय-कॅच आहे. आणि हमखास पोचलाच पाहिजे असा निरोप दवंडीवर न सोडता, बुकिंगच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही) डेटाबेसच्या एका टेबलात लिहिला जातो आणि मागाहून पाठवला जातो. परदेशी पाहुण्यांची माहिती त्याच टेबलातून जाते, कारण तिला २४ तासांची मुदत आहे.

तिसरा, मीडिएटर. आपल्या नाटकवाल्यांना सूत्रधार म्हटलं की लगेच कळेल. पात्रं एकमेकांना बोलावत नाहीत, कोण कधी येणार ते सूत्रधार जाणतो. बुकिंग रद्द करणं हे असं काम आहे: खोली सोडा, किती पैसे परत ते ठरवा, परत करा, पावती रद्द करा, निरोप द्या. क्रम महत्त्वाचा आणि मध्येच काही फसलं तर पुढे काय करायचं तेही ठरलेलं. हे दवंड्यांवर सोडलं तर पाच फायली उघडूनही क्रम कळत नाही. आम्ही 'रद्द करणं' ही एक स्वतंत्र फाईल केली आणि सगळा क्रम वरून खाली तिथे लिहिला. वाचणाऱ्याला ती एका बैठकीत कळते.

सूत्रधाराचा धोका म्हणजे तो हळूहळू सगळ्यांचे संवाद स्वतःच म्हणू लागतो. क्रम त्याच्याकडे असावा, हिशेब नसावा. रद्द करण्याच्या फाईलमध्ये टक्केवारी दिसू लागली की ती 'दर'मध्ये परत पाठवा.

पायरी सहावी: बाहेरच्या जगाला एक दुभाषी

पेमेंट, संदेश, नकाशे या बाहेरच्या सेवा त्यांच्या मर्जीनं बदलतात. प्रत्येकीला एक ॲडॉप्टर द्या: आपल्या भाषेतलं "पैसे परत करा" घेऊन त्यांच्या भाषेत बोलणारी एकच फाईल. त्यांच्या चुकांचे कोडसुद्धा तिथेच आपल्या शब्दांत उलटवा. एका सेवेनं रक्कम पैशांत मागितली आणि दुसरीनं रुपयांत, तरी बाकीच्या ॲपला ते कळू नये.

दरांसाठी आम्ही स्ट्रॅटेजी घेतली, म्हणजे एकाच कामाच्या अदलाबदल करता येणाऱ्या तऱ्हा. हंगामाचा प्रत्येक नियम हे तारीख आणि खोली घेऊन रक्कम देणारं एक लहान फंक्शन. कराचे दर मात्र कोडमध्ये नाहीत, टेबलात आहेत: कोणत्या तारखेपासून, कोणत्या रकमेपर्यंत, किती टक्के. जुनी पावती पुन्हा छापली तर तेव्हाचाच दर लागला पाहिजे, म्हणून जुनी ओळ पुसायची नाही. बुकिंग एका तारखेला आणि मुक्काम दुसऱ्या, तेव्हा कोणती तारीख धरायची हा निर्णय सीएंना विचारून घेतला आणि तो एकाच फंक्शनमध्ये लिहिला.

पायरी सातवी: बांधाची राखण

तोंडी ठरलेला बांध पुढच्या घाईच्या शुक्रवारी फुटतो. राखण यंत्राकडे द्या. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनात ठरावीक आयाती नाकारणारा नियम आहे, तो लावून दुसऱ्याच्या फोल्डरातली आतली फाईल आयात करणं बंद करा. मॅज नावाचं साधन आयातींचा नकाशा काढतं आणि वर्तुळं दाखवतं. 'अ'ला 'ब' हवा आणि 'ब'ला 'अ', अशा वर्तुळात एखादी गोष्ट तयार होण्याआधीच वापरली जाते. कॉमनजेएसमध्ये अर्धवट भरलेलं ऑब्जेक्ट हाती येतं, नव्या मॉड्यूलमध्ये सरळ चूक फेकली जाते. वर्तुळ दिसलं की आळशी आयातीनं, म्हणजे गरज पडेल तेव्हाच आयात करून, ते झाकू नका. दोघांना लागणारी तिसरी गोष्ट त्यात दडलेली असते. आमच्या 'पाहुणे' आणि 'आरक्षण' यांच्यातलं वर्तुळ मुक्कामाच्या तारखांचा छोटा तिसरा मॉड्यूल काढल्यावर सुटलं.

प्रत्येक मॉड्यूल वेगळा सर्व्हर करावा का, असं मला अनेकदा विचारतात. दोघातिघांच्या टीमला माझं उत्तर नाही असंच आहे. मेल्विन कॉनवे या संगणकशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलं की संस्था जशी बोलते तशीच तिच्या प्रणालींची रचना होते. आम्ही दोघं एका टेबलावर बसतो. आमच्या मॉड्यूलांमध्ये नेटवर्क घातलं असतं तर जूनमध्ये लाईट गेली की शोधत बसायला सहा जागा झाल्या असत्या.

जुनं कोड हलवताना

सगळं एकदम उकरू नका. वहीत सगळ्यात वर असलेला, पण कमी जणांना लागणारा बदल निवडा. आमच्याकडे तो कर होता. आधी आज जे उत्तर येतं तेच टिपून ठेवणाऱ्या चाचण्या लिहा, चुकीचं वाटलं तरी. मग नवा फोल्डर, नवी इंडेक्स, आणि जुन्या फंक्शनच्या आतून नव्याला हाक. जुनी नावं तशीच राहतात, ॲप चालूच राहतं. त्यानंतर बोलावणारे एकेक करून नव्या दाराकडे वळवा, प्रत्येक वळण वेगळ्या कमिटमध्ये. शेवटचा वळला की जुनं फंक्शन पुसा आणि लिंटचा नियम चालू करा.

'उपलब्धता' आम्ही शेवटी घेतला, कारण त्याला बोलावणारे सर्वांत जास्त. तो हलवायला पाच आठवडे लागले. आता मालकांच्या पानावर "घरच्यांसाठी ठेवा" असं बटण आहे आणि ते धरा-सोडा याच दोन दारांवर जातं. यंदा चवथीच्या तारखा काकींनी जूनमध्येच स्वतः भरल्या, आणि सोबत शिगम्याच्याही.